‘आणि कुटुंब’ या दोन शब्दांबद्दल मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

जूनमधल्या सहलीसाठी आपण सूचना मागवल्या आहेत. ग्रुपवर नेहमीप्रमाणे समुद्रकिनारा की थीम पार्क अशी चर्चा सुरू झाली आहे. माझी सूचना वेगळी आहे: या वर्षी आपण सरे परगण्यातल्या होमवुडला जाऊ आणि तिथून डॉर्किंगपर्यंत पायी चालू. इंग्लंडमधल्या बायकांनी मताचा हक्क कसा मिळवला, त्याच्या खुणा या वाटेवर आहेत. त्याच महिन्यात आपली वार्षिक सभा आहे. तिच्यासाठीही माझी एक मागणी आहे: सभासदत्वाच्या फॉर्ममधले ‘आणि कुटुंब’ हे शब्द काढावेत. ती या वाटेवरच सुचली. म्हणून दोन्ही एकाच पत्रात लिहिते आहे.

मागच्या मे महिन्यात एका शनिवारी मी या फेरीला गेले होते. व्हिक्टोरियाहून येणारी गाडी बेअर ग्रीन गावातल्या होमवुड स्टेशनवर उतरवते. छोटंसं स्टेशन आहे, रविवारी तिथे गाडीच नसते. आम्ही पंधरा जण होतो, त्यात मी एकटी भारतीय. वाट दाखवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्या पिशवीत प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली जुनी छायाचित्रं होती आणि टोपीला जांभळी, पांढरी, हिरवी फीत शिवलेली होती. हे तीन रंग मी आधी पाहिले होते, पण ते आले कुठून हे माहीत नव्हतं.

सुरुवातीलाच एका शेताच्या कुंपणाशी थांबलो. कुंपणावरून पलीकडे जायला लाकडाच्या दोन पायऱ्या आणि शेजारी पाटी. शेत खासगी, त्यात मेंढ्या चरत होत्या, पण त्यातून जाणारी पायवाट सगळ्यांची. मालकाला ती अडवता येत नाही. शेत नांगरताना वाट मोडली तर पुन्हा नीट करून द्यावी लागते. मला एकदम आमच्या गावची पाणंद आठवली, आणि तिच्या वहिवाटीवरून झालेले तलाठ्यापासून मामलेदारापर्यंतचे दावे आठवले. बाई म्हणाल्या, इथे अशा वाटा टिकल्या त्या लोक त्यांवरून चालत राहिले म्हणून. मी चिखलातून पाय ओढत पुढे निघाले. रानात निळ्या घंटाफुलांचा सडा पडला होता आणि रात्रीच्या पावसाचं पाणी झाडांवरून अजून टपकत होतं.

साउथ होमवुडला एक घर आहे. आता ते दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. बाहेरच थांबून ऐकायचं. हे घर एडविन ल्युटेन्स यांनी बांधलं. होय, दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी उभारलं तेच. त्या वेळी ते तिशीतले होते आणि सरेमध्ये लोकांची घरं बांधत होते. या घराला आधी ‘डच हाउस’ म्हणत. पुढे इथे राहायला आलेल्या जोडप्याने त्याचं नाव ‘द मॅस्कॉट’ ठेवलं.

ते जोडपं म्हणजे एमेलिन पेथिक आणि फ्रेडरिक लॉरेन्स. 1901 मध्ये त्यांचं लग्न झालं आणि दोघांनी आपली आडनावं जोडून पेथिक-लॉरेन्स असं एक आडनाव घेतलं. नुसतं तिनेच नाही, त्यानेही. मी हे दोनदा विचारून घेतलं. 1901 साली एका सुखवस्तू बॅरिस्टरने बायकोचं आडनाव आपल्या नावात घेतलं आणि मरेपर्यंत ते वापरलं. लग्नानंतर दोघांची बँकेतली खातीही वेगळी राहिली. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मला ते नाव आवडलंही होतं. तरी त्या घरासमोर उभी असताना ते ताट डोळ्यांपुढे आलं. दुसऱ्या बाजूचं नाव लिहायला दुसरं ताट कुणी मांडलंच नव्हतं.

बायकांच्या मतासाठी लढणाऱ्या पँखर्स्ट मायलेकींच्या संघटनेच्या एमेलिन 1906 पासून खजिनदार होत्या. ‘सफ्राजेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढाऊ बायका त्या याच संघटनेच्या. आपल्या मंडळात ज्यांनी खजिनदारकी सांभाळली आहे, त्यांना चळवळ आणि हिशेबाचं नातं वेगळं सांगायला नको. वर्गणी आली तर पत्रकं छापली जातात, सभागृह मिळतं, कोर्टात वकील उभा राहतो. एमेलिन पैसा उभा करण्यात फार तयार होत्या. नवरा-बायको मिळून ‘व्होट्स फॉर विमेन’ हे चळवळीचं वृत्तपत्र 1907 पासून संपादित करत होते. जांभळा, पांढरा, हिरवा हे रंगही एमेलिननेच 1908 मध्ये ठरवले: प्रतिष्ठेचा, निर्मळपणाचा आणि आशेचा. तुरुंगातून सुटलेल्या, उपोषणाने खंगलेल्या बायकांना बरं व्हायला याच घरी आणत. ओल्डहॅमच्या गिरणीत लहानपणापासून राबलेल्या ॲनी केनीचं तर हे दुसरं माहेरच झालं होतं. मी मुद्दाम माहेर म्हणते आहे. थकून आलेल्या बाईला कुणी न विचारता चहा करून द्यावा आणि झोपू द्यावं, याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

मार्च 1912 मध्ये सफ्राजेटांनी लंडनमध्ये दुकानांच्या काचा फोडण्याचं मोठं सत्र केलं. कटाच्या आरोपाखाली या दोघांना पकडलं आणि प्रत्येकी नऊ महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात दोघांनी उपोषण केलं. फ्रेडरिकना नाकातून नळी घालून जबरदस्तीने अन्न भरवलं, तेही एकदा नाही, अनेकदा. वर सरकारने खटल्याचा खर्च त्यांच्याकडूनच मागितला. त्यांनी तो द्यायला नकार दिला. मग बेलीफ या घरात येऊन बसले आणि 1912 च्या शरदात घरातल्या सामानाचा लिलाव झाला.

बाईंनी त्या लिलावाचं वर्णन केलं तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. जप्ती म्हणजे काय हे मला माहीत आहे. आमच्या शेजारच्या घरी सोसायटीच्या कर्जापायी जप्ती आली होती, आणि अंगणात मांडलेली तांब्याची भांडी मी लहानपणी पाहिली आहेत. भांडी घरात असतात तेव्हा त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. अंगणात आली की पोचे पडलेली, कल्हई उडालेली, उघडी वाटतात. होमवुडच्या लिलावात काही स्नेह्यांनी वस्तू विकत घेतल्या आणि घरच्यांना परत दिल्या. ते ऐकून मला बरं वाटलं.

त्याच सुमाराला पँखर्स्ट मायलेकींनी या दोघांना संघटनेतून काढून टाकलं. काचा फोडण्यापुढे जाऊन आगी लावण्याचा मायलेकींचा मार्ग या दोघांना पटत नव्हता, हे त्याचं कारण. पुढे फेब्रुवारी 1913 मध्ये याच परगण्यात वॉल्टन-ऑन-द-हिलला तेव्हाचे ब्रिटिश अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्यासाठी बांधत असलेल्या घरात सफ्राजेटांनी ठेवलेला बाँब फुटला. याबद्दल माझं मत मी लपवत नाही. बाँबचा मार्ग मला मान्य नाही, आणि ज्यांनी घरातलं सामान गमावूनही त्याला ‘नको’ म्हटलं, ते मला जास्त धीराचे वाटतात. चळवळीने बाहेर काढल्यावरही हे दोघं मताधिकाराचं काम सोडून गेले नाहीत.

आता आपल्याशी असलेल्या नात्याकडे येते. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आपण ‘त्रिमंत्री योजना’ पाठ केली. 1946 च्या मार्चमध्ये तीन ब्रिटिश मंत्री भारतात आले, त्यातलं ‘पेथिक लॉरेन्स’ हे पहिलं नाव आपण परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. तेच हे फ्रेडरिक. तेव्हा ते भारतमंत्री होते, वय 74. गांधीजी, नेहरू, आझाद, जीना यांच्याशी बोलायला बसलेला हा म्हातारा स्वतः बायकांच्या मतासाठी तुरुंगात उपोषण करून आलेला होता, आणि आपण घोकलेल्या त्या नावाचा अर्धा भाग त्याच्या बायकोचा होता. हे मला कुणी सांगितलं असतं तर तो धडा मी जन्मात विसरले नसते. त्या योजनेतूनच आपली संविधान सभा निवडून आली. तिच्यात मुंबई प्रांताकडून हंसा मेहता होत्या. 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने सभेला राष्ट्रध्वज अर्पण केला तो त्यांनी.

आणखी एक धागा थेट मुंबईचा आहे. 1911 साली हेराबाई टाटा मुलगी मिठनला घेऊन काश्मीरला गेल्या होत्या. तिथे त्यांना राजकन्या सोफिया दुलीपसिंग भेटल्या. या पंजाबच्या शेवटच्या महाराजांच्या कन्या, इंग्लंडमध्ये वाढलेल्या आणि सफ्राजेटांबरोबर रस्त्यावर उतरलेल्या. त्यांच्या अंगावर स्त्रियांच्या मताची मागणी करणारा बिल्ला होता. हे काय आहे, असं हेराबाईंनी कुतूहलाने विचारलं, आणि तिथून मायलेकी या कामाला लागल्या. 1919 मध्ये भारतासाठी नवा कायदा होत होता. मताचा हक्क कुणाला द्यायचा हे पाहणाऱ्या साउथबरो समितीने भारतीय स्त्रियांना मत देणं अकाली ठरवलं होतं. त्याविरुद्ध बाजू मांडायला या दोघी लंडनला आल्या, आणि मग ब्रिटनमधल्या गावोगावच्या बायकांच्या सभांमध्ये बोलत फिरल्या. इथल्या बायकांनी ठराव करून ते इंडिया ऑफिसला, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या सरकारी खात्याला पाठवले. शेवटी कायद्याने निर्णय प्रांतांवर सोडला. 1921 मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबई प्रांताने स्त्रियांना मत दिलं. मुंबई प्रांतातल्या त्या खटपटीत पुण्याच्या रमाबाई रानडेही होत्या. मिठन याच लंडनमध्ये बॅरिस्टर झाली आणि परत जाऊन मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागली. असं काम करणारी तिथली ती पहिली स्त्री. मालमत्तेची अट होती, त्यामुळे 1921 चं ते मत मूठभर बायकांच्याच हाती आलं. खऱ्या अर्थाने ते सगळ्यांचं झालं ते संविधानाने.

आणि तेव्हा नावाचा प्रश्न उभा राहिला. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या बनत होत्या, तेव्हा लाखो बायकांनी घरी आलेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असल्या नोंदी चालणार नाहीत, नाव पाहिजे. सुमारे 8 कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास 28 लाखांची नोंद त्यामुळे रद्द झाली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या होत्या. पण परपुरुषासमोर नाव घ्यायला संकोचणाऱ्या बायका आपल्या घरांत नव्हत्या असं आपल्यापैकी कुणीही छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. माझ्या आजीने त्या निवडणुकीत मत दिलं होतं. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चित्र. बैलजोडीचं चित्र तिला शेवटपर्यंत आठवत होतं. ती सांगायची, मतपेटीची भीती नाही वाटली, भीती वाटली ती आधी, नाव विचारलं तेव्हा. सासऱ्यांसमोर उभं राहून आपलं नाव आपल्याच तोंडाने सांगायचं होतं. तिने ते सांगितलं. लग्नानंतर अकरा वर्षांनी त्या घरात तिचं नाव मोठ्याने उच्चारलं गेलं, आणि ते तिनेच उच्चारलं.

नावांबद्दल आणखी एक गोष्ट सांगते, ती होमवुडच्या वाटेवर नाही. ससेक्स परगण्यात वेस्ट होथली नावाचं खेडं आहे. तिथल्या ‘प्रीस्ट हाउस’ या जुन्या लाकडी चौकटीच्या घरात छोटं संग्रहालय आहे. फेरीतल्या बाईंनी सांगितलं म्हणून मी नंतर मुलीला घेऊन तिथे गेले. काचेच्या आत एक रुमाल आहे. मार्च 1912 मध्ये काचा फोडल्याबद्दल लंडनच्या हॉलोवे तुरुंगात टाकलेल्या बायकांनी त्यावर आपल्या सह्या रंगीत दोऱ्याने भरल्या आहेत. 66 सह्या, आणि दोघींची नुसती आद्याक्षरं. मी काचेला नाक लावून पाहत होते. प्रत्येकीचा हात वेगळा. कुणाचे टाके बारीक आणि सरळ, शाळेत बक्षीस मिळवलेल्या मुलीसारखे. कुणाचं अक्षर ओळीबाहेर घसरलेलं. त्यांतल्या पुष्कळ जणी उपोषण करत होत्या. माझ्या मुलीने विचारलं, “यांनी नाव लपवायला नको होतं का? पोलिसांना कळेल ना.” पोलिसांना नावं आधीच कळली होती. त्यांनी ती भरली ती एकमेकींसाठी आणि आपल्यासाठी. उपोषण केलेल्या 80 बायकांच्या सह्या भरलेला असाच एक मोठा पडदा 1910 मध्ये तयार झाला होता. तो विकत घेतला होमवुडच्या एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांनीच. आता तो लंडनच्या संग्रहालयात आहे.

आता आपली सभासद-यादी पाहू.

ती माझ्यासमोर उघडी आहे. पहिला रकाना ‘सभासदाचे नाव’. त्यात ओळीने श्रीयुतांची नावं. प्रत्येक नावापुढे ‘आणि कुटुंब’. आम्ही या मंडळात अकरा वर्षं आहोत. गणपतीत मोदकांची उकड काढताना माझे हात भाजले आहेत, दिवाळी अंकाची मुद्रितं मी तपासली आहेत, मराठी शाळेत दर रविवारी मी शिकवते. यादीत मी ‘कुटुंब’ आहे. वार्षिक सभेत एका सभासदत्वाला एक मत आहे, आणि ते कुणी द्यायचं यावर नियमावलीत काही लिहिलेलं नाही. न लिहिताच ठरलेलं आहे. गेल्या वर्षी सभागृहाचं भाडं वाढवण्याच्या ठरावावर हात वर झाले तेव्हा मी पाहिलं. शेजारीशेजारी बसलेल्या जोडप्यांपैकी एकेकच हात वर गेला. कुणी कुणाचा हात धरला नव्हता. बायकांनी आपणहून हात मांडीवर ठेवले होते. माझाही मांडीवरच होता.

मी कुणावर आरोप करत नाही. यादी ज्यांनी केली त्यांनी जुना नमुना पुढे चालवला, आणि आम्हीही तो वर्षानुवर्षं भरून दिला. माझ्या घरातही हेच झालं. 2005 मध्ये मी नवऱ्याच्या व्हिसावर या देशात आले. तेव्हा मतदार नोंदणीचा फॉर्म घराला एकच यायचा आणि घरातलं कुणीतरी एक जण सगळ्यांची नावं भरायचं. नवऱ्याला ऑफिसातल्या सहकाऱ्याने सांगितलं होतं की भारतीय नागरिकही इथे मत देऊ शकतात, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव भरलं. दुसरी ओळ कोरी सोडली. मला हे कित्येक वर्षांनी कळलं. विचारलं तर म्हणाले, “मला वाटलं तुला त्यात रस नसेल.” ते खरंच तसं समजले होते. आमच्यात भांडणही झालं नाही. पण मधल्या वर्षांत निवडणुका होऊन गेल्या. शाळा, बस, दवाखाना, माझा रोजचा संबंध ज्यांच्याशी, त्यांचे निर्णय झाले, आणि मी कुठल्याच यादीत नव्हते. 2014 पासून इथे प्रत्येकाने स्वतःचं नाव स्वतः नोंदवायचं असा नियम आला. मी ते नोंदवलं आणि 7 मे 2015 ला पहिल्यांदा मत दिलं. गावच्या चर्चच्या हॉलमध्ये, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने.

मंडळातल्या कितीतरी मैत्रिणींना हे अजून माहीत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या, 18 वर्षं पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या संसदेसाठीही मत देता येतं आणि स्थानिक कौन्सिलसाठीही. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, पाच-दहा मिनिटांत. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. इंग्लंडमध्ये 2023 पासून मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. नवरा सांगेल, मुलगा करून देईल, असं म्हणून थांबू नका.

माझी मागणी एवढीच आहे. ‘आणि कुटुंब’ हे शब्द सभासदत्वाच्या फॉर्ममधून काढा. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं पूर्ण नाव लिहायला स्वतंत्र ओळ द्या, आणि ते नाव त्या माणसाने स्वतः लिहावं. आडनाव कुठलं लावायचं ते तिचं तिने ठरवावं. वार्षिक सभेत सज्ञान सभासदाला प्रत्येकी एक मत असावं. वर्गणी घराला आहे तेवढीच राहू द्या. त्यासाठी नियमावलीत बदल करावा लागेल, आणि तो ठराव याच सभेपुढे यावा.

यावर काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे, कारण दोन-तीन जणांशी बोलून पाहिलं. एक म्हणाले, आपल्या मंडळात बायकांना कुठे कमी लेखतात, सगळी कामं त्याच तर करतात. कामं करतात हे खरं आहे, म्हणूनच मत हवं. दुसरे म्हणाले, एका घरात दोन मतं आली तर मोठ्या घरांचं पारडं जड होईल. इंग्लंडमध्ये 1918 पर्यंत बायकांना मत नाकारताना घरात नवऱ्याचं मत आहे ना, असं म्हणत. दिलं तेव्हाही पुरुषांना 21 व्या वर्षी आणि बायकांना 30 व्या वर्षी, तेही घरादाराच्या अटीवर. सरसकट समान मत यायला 1928 उजाडलं. मोठ्या घरात माणसं जास्त असतील तर मतं जास्त असतील, कारण मत माणसाचं असतं. आणि एक मैत्रीण म्हणाली, “मला नको गं, मी काय सांगणार सभेत.” तिला मी काही उत्तर दिलं नाही. तिला मला होमवुडला न्यायचं आहे.

आता सहलीचं. शनिवारच ठेवू. अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे, मधे थांबत गेलं तर चार तास. होमवुड कॉमन या सगळ्यांना खुल्या रानाची देखभाल नॅशनल ट्रस्ट ही संस्था करते, तिथे डबे उघडायला भरपूर मोकळी जागा आहे. कुंपणाच्या लाकडी पायऱ्यांवरून बाबागाडी जात नाही, म्हणून लहान मुलं असलेल्या घरांनी सरळ गाडीने कॉमनवर यावं, आम्ही तिथे भेटू. ज्येष्ठांसाठीही तेच. साध्या चपला नकोत, जूनमध्येही झाडांखाली चिखल असतो. पोळीभाजीचे डबे ज्याने त्याने स्वतः भरावेत, एवढी एक विनंती पुरुष सभासदांना. वाट दाखवणाऱ्या बाईंशी मी बोलले आहे, त्या यायला तयार आहेत. त्या इंग्रजीत सांगतील, मी मराठीत सांगेन.

आणि तारीख ठरवताना हेही ध्यानात घ्या. 1913 च्या 18 जूनला इंग्लंडच्या उत्तर टोकाच्या कार्लाइल आणि न्यूकासलहून बायका पायी निघाल्या. मग देशाच्या इतर कोपऱ्यांतूनही निघाल्या आणि सगळ्या 26 जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये पोचल्या. या आगी लावणाऱ्या नव्हत्या, कायद्याच्या वाटेने मागणाऱ्या होत्या. अंगावर यात्रेकरूचा शिंपल्याचा बिल्ला, सामानाच्या गाड्या मागून, रात्री वाटेतल्या गावांत मुक्काम, संध्याकाळी सभा. कुठे त्यांना जेवण मिळालं, कुठे दगड. पोर्टस्मथकडून येणारा जथा सरेतूनच गोडाल्मिंग, गिल्डफर्डच्या रस्त्याने गेला. गोडाल्मिंगच्या बायकांचं निशाण प्रसिद्ध बागकार गर्ट्रूड जीकल यांनी रेखाटलं होतं, तेही अजून जपून ठेवलेलं आहे. शेवटच्या दिवशी हाइड पार्कमध्ये सुमारे 50 हजार माणसं जमली होती. आळंदी-देहूहून पालख्या निघतात त्याच दिवसांत हे चालणं झालं. आपल्यापैकी ज्यांनी वारी केली आहे त्यांना दिवसाच्या चालण्यानंतर पायांना काय होतं आणि अनोळखी घरातल्या वाटीभर पिठल्याची चव कशी लागते हे सांगायला नको. सहलीला येताना कुणी टाळ आणले तर मला आनंद होईल. कॉमनवर वाजवायला हरकत नाही, मी विचारून ठेवलं आहे.

या पत्राची छापील प्रत मी रविवारी मराठी शाळेत अध्यक्षांच्या हाती देईन. तिच्यावर माझ्यासकट चौदा जणींच्या सह्या आहेत. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने, आपल्याला हवं तसं पूर्ण नाव लिहिलं आहे. तिघींनी माहेरचं आडनाव लावलं, दोघींनी दोन्ही, एकीने आईचं नाव मधे घातलं. एकीने लिहिताना विचारलं की स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे करू की खरं. खरं कर, म्हटलं. यादीत नावं घालताना कृपया त्या कागदावरून उतरवून घ्यावीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सभासद क्रमांक 37 मधली दुसरी व्यक्ती